पंचेचाळीस सेकंदांची नोकरी

जानेवारी २०२५ मध्ये नागपूरचं घड्याळ कॅनडाच्या ॲबट्सफर्डपेक्षा साडेतेरा तास पुढे होतं. तिकडे संध्याकाळी ७ ला आइस हॉकीचा सामना सुरू व्हायचा, तेव्हा इकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेआठ वाजलेले असायचे आणि धरमपेठेत तर्री-पोह्याच्या ठेल्यावर गर्दी जमलेली असायची. तिथल्या खेळाडूचा कामाचा दिवस बराचसा आपल्या रात्रीतून जायचा.

मी नागपुरात पोरांना चाकांच्या स्केट्सवरची हॉकी शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त तिकडे, व्हँकुव्हरच्या पूर्वेला, राहतो. त्याच्या नादाने २०२४-२५ च्या हंगामात मी ॲबट्सफर्ड कनक्स हा संघ मन लावून पाहिला. हा संघ अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये खेळतो. सगळ्यात वरची नॅशनल हॉकी लीग, एनएचएल. तिच्या एकच पायरी खाली ही. पुढे लिहिलाय तो दिवस कुणा एका खेळाडूचा नाही. संघात रोज बारा फॉरवर्ड उतरतात, तिघांची एक अशा चार फळ्यांमध्ये. त्यातल्या चौथ्या फळीतल्या, पोस्टरवर कधी न झळकणाऱ्या माणसाचा घरच्या मैदानावरच्या सामन्याचा दिवस साधारण असा जातो. पोरांना सांगण्यासारखं मला यात फार सापडलं.

रात्री ९. तिकडे सकाळचे साडेसात.

तो उठतो आणि आधी फोन बघतो. एएचएलचा प्रत्येक संघ एनएचएलच्या एका संघाला बांधलेला असतो. ॲबट्सफर्डचा मोठा भाऊ व्हँकुव्हर कनक्स. दोन्ही मैदानांत रस्त्याने सत्तरेक किलोमीटरचं अंतर, नागपूर ते वर्धा एवढंच म्हणा. वर कुणाचा गुडघा दुखावला, कुणाला ताप आला, तर सकाळीच बोलावणं येतं आणि दुपारपर्यंत माणूस वरच्या संघाच्या जर्सीत असतो. चार दिवसांनी गुडघा बरा होतो आणि हा परत खाली.

पैशांचा हिशोबही या फोनवरच फिरतो. असे बरेच खेळाडू दुहेरी करारावर असतात. वर असतील त्या दिवसांचा पगार वेगळा, खाली असतील त्या दिवसांचा वेगळा. २०२४-२५ मध्ये एनएचएलमधला किमान पगार वर्षाला ७,७५,००० डॉलर होता. हंगामाच्या दिवसांवर वाटला तर दिवसाला सुमारे ४,००० डॉलर. खाली तोच माणूस बऱ्याचदा त्याच्या दहाव्या हिश्श्याइतक्या पैशांवर खेळतो. स्टिक तीच, अंग तेच, जोखीम तीच. म्हणून सकाळचा तो फोन म्हणजे त्याच्या घरच्या हप्त्यांचा प्रश्न असतो.

अर्शदीप बैन्सचं उदाहरण देतो. जन्म २००१ चा, शेजारच्या सरी शहरातला पंजाबी मुलगा. ज्युनियरच्या वेस्टर्न हॉकी लीगमध्ये २०२१-२२ च्या हंगामात ११२ गुण मिळवून तो सगळ्या लीगमध्ये पहिला आला. तरीही एनएचएलच्या वार्षिक निवडीत कुठल्याच संघाने त्याला उचललेलं नव्हतं. मार्च २०२२ मध्ये कनक्सने थेट करार केला, मग तो ॲबट्सफर्डला खेळला, आणि २० फेब्रुवारी २०२४ ला कोलोराडोविरुद्ध त्याचा वरचा पहिला सामना झाला. त्यानंतरही वर-खाली चालूच राहिलं. आपल्याकडे 'निवड झाली' म्हटलं की घरात पेढे येतात आणि विषय संपतो. या धंद्यात निवड रोज सकाळी नव्याने होते.

आज फोन आलेला नाही. तो अंडी-ओट्स खातो आणि गाडी काढतो.

रात्री साडेअकरा. तिकडे १०.

सामन्याच्या दिवशी सकाळी हलका सराव असतो, पंचवीस-तीस मिनिटांचा. दमायचं नाही, फक्त पाय आणि हात जागे करायचे. बर्फावर उतरण्याआधी तो साहित्य सांभाळणाऱ्या माणसाकडे जातो आणि स्केट्सना धार लावून घेतो.

ही धार एकदा नीट समजून घेण्यासारखी आहे. लोकांना वाटतं, स्केटचं पातं सुरीसारखं असतं. पण जेमतेम ३ मिलिमीटर जाडीच्या त्या पात्याला खालून मधोमध एक पन्हाळ कोरलेली असते, त्यामुळे त्याला दोन कडा मिळतात, एक आतली आणि एक बाहेरची. पन्हाळ खोल केली की कडा बर्फात घट्ट रुततात. वळणं झटक्यात घेता येतात, पण पाय लवकर थकतात. उथळ केली की वेग मिळतो, घसरण लांबते, पण वळताना पकड कमी पडते. ही पन्हाळ ज्या वर्तुळाची, त्याची त्रिज्या इंचाच्या अपूर्णांकात मोजतात, कुणाला अर्धा इंच हवा, कुणाला पाच अष्टमांश. खेळाडू नखाच्या टोकावर कड घासून पाहतो. नखाचा बारीक कीस निघाला की धार बरोबर. एक कड उंच आणि एक खाली राहिली, तर सरळ जातानाही पाय एका बाजूला ओढला जातो. आमच्या चाकांना हा त्रास नाही, पण चाकांवर तुम्ही बर्फावरच्यासारखं आडवं घसरून गपकन थांबूही शकत नाही. चाकांवरून बर्फावर गेलेल्या पोरांना पहिले काही दिवस थांबणंच नव्याने शिकावं लागतं.

बर्फाचा थर इंच-सव्वा इंचाचाच असतो. खाली गारठवलेल्या नळ्यांचं जाळं, त्यावर काँक्रीट, त्यावर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवलेले. पांढरा रंग आणि रेषा याच थरांमध्ये बंद. पृष्ठभागाचं तापमान उणे ५ च्या आसपास. घासून खरबरीत झालेला बर्फ सारखा करायला झांबोनी नावाचं यंत्र फिरतं, फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये बनवलेलं. ते खरवडून मागे गरम पाणी सोडतं. गरम पाणी खालच्या बर्फाला जरासं वितळवून त्याच्याशी एकजीव होतं, म्हणून ते चांगलं बसतं. मे महिन्यात ४६ अंश सोसणाऱ्या माझ्या पोरांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी मला तीनदा विचारलं, "सर, खरंच गरम पाणी?"

सरावाच्या जर्सीच्या रंगावरून आज कोण कुठल्या फळीत ते कळतं. आपल्या माणसाला चौथ्या फळीचा रंग मिळालाय. म्हणजे खेळायला मिळणार. त्याच्या मागे दोघे-तिघे जास्तीचे आहेत, त्यांना आज साध्या कपड्यांत वर बसून सामना पाहावा लागेल.

मध्यरात्र उलटून गेल्यावर.

तिकडे दुपारी साडेबाराला जेवण: चिकन, भात किंवा पास्ता, भाज्या. दीडला पडदे ओढून तासभर झोप. ही झोप जवळपास सगळेच पाळतात आणि घरातली माणसंही ती सांभाळतात. रात्रीच्या सामन्यानंतर लवकर झोप लागत नाही, म्हणून जी मिळते ती आत्ताच.

सकाळी ६. तिकडे दुपारचे साडेचार.

तो मैदानावर पोचतो, आणि इकडे मी सिमेंटच्या चौथऱ्यावर पोचतो. जानेवारीतल्या नागपूरच्या थंडीत पोरं तोंडातून वाफ काढत चाकं घट्ट करत असतात. त्याच वेळी तो ड्रेसिंग रूममध्ये स्टिकला टेप गुंडाळत बसतो. हे काम कुणी दुसऱ्याला देत नाही. काळी कापडी टेप, पात्याच्या टाचेपासून टोकापर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत. मग त्यावर मेण घासायचं, म्हणजे ओला बर्फ चिकटत नाही. टेपमुळे पक पात्यावर थांबतो, फिरकी घेतो. पक म्हणजे ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची, सुमारे १७० ग्रॅमची रबराची चकती. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, नाहीतर बर्फावर उड्या मारते. कार्बन फायबरची ती स्टिक शे-दोनशे नाही, तीनेकशे डॉलरची असते आणि एका जोरदार फटक्यात मोडू शकते. क्लब नवी देतो. माझ्याकडची पोरं मोडलेली स्टिक फेविकॉल आणि सुतळीने सांधून आणतात.

यानंतर ते सगळे बोळात वर्तुळ करून फुटबॉल हवेत ठेवण्याचा खेळ खेळतात. मोठमोठे पुरुष शाळकरी पोरांसारखे ओरडत असतात. पाय गरम होतात आणि डोक्यावरचा ताण उतरतो.

भारतात ही नोकरी अशा स्वरूपात नाही. आपली आइस हॉकी जवळजवळ सगळी लडाखची. गोठलेल्या तळ्यांवर, डिसेंबर ते फेब्रुवारी. तिथल्या चांगल्या खेळाडूला पगार मिळतो तो लडाख स्काउट्स किंवा आयटीबीपीच्या गणवेशातून. आइस हॉकी असोसिएशन ऑफ इंडिया १९८९ मध्ये स्थापन झाली. भारतीय महिलांनी पहिला आंतरराष्ट्रीय विजय २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सविरुद्ध मिळवला आणि २०२५ मध्ये त्यांनी आशिया चषकात कांस्यपदक आणलं. वर्षातले दोन-अडीच महिने बर्फ मिळणाऱ्या मुलींनी ते आणलं, याचं मोल आपल्या वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांना कळलेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रातून जी मुलं हिवाळी खेळांत जातात ती बहुतेक चाकांवर तयार झालेली स्केटर असतात, शर्यतीतली.

सकाळी साडेआठ. तिकडे संध्याकाळचे ७.

पोरं शाळेत गेलेली. मी फोन डब्याला टेकवून ठेवतो आणि पोहे खात पाहतो.

वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. दोन्हीकडून गोलकीपर धरून सहा-सहा जण बर्फावर. पहिली फळी पंचेचाळीस सेकंद खेळते, बाहेर येते, दुसरी उडी मारून आत. खेळ थांबत नाही. यापेक्षा जास्त वेळ पूर्ण जोर लावता येत नाही, मांड्या पेटतात. आपला माणूस कठड्याशी, बाकावर बसून आहे. चौथ्या फळीचं सगळ्यात अवघड काम हेच: बसून राहायचं आणि थंड पडायचं नाही. पहिल्या फळीला दोन-अडीच मिनिटांत परत बोलावणं येतं; चौथीला पाच-सहा मिनिटंही थांबावं लागतं, कधी त्याहून जास्त. पाय आखडतात. डोळे मात्र पकवर हवेत, कारण प्रशिक्षकाने पाठीवर थाप मारली की पहिल्या पावलापासून पूर्ण वेग लागतो.

थाप पडते. येणारा गडी बाकाच्या पाच फुटांत आला की हा कठड्यावरून उडी मारतो. लवकर मारली तर बर्फावर माणसं जास्त झाल्याची दोन मिनिटांची शिक्षा सगळ्या संघाला. त्याला पक मिळतो. तो गोलकडे जात नाही. मधली रेषा ओलांडून तो पक प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात खोल टाकतो आणि त्याच्यामागे धावतो. तिथे नव्वद किलोचा बचावपटू पाठ करून पक उचलतोय. हा जाऊन त्याला खांद्याने मैदानाभोवतीच्या फळ्यांवर दाबतो. पक निसटतो, दुसरा साथीदार तो फळ्यांवरच अडकवून ठेवतो. दहा सेकंद, पंधरा सेकंद. कुणी गोल केला नाही, कुणी फटकाही मारला नाही. पण समोरचे पाच जण स्वतःच्याच कोपऱ्यात अडकून दमले. त्यांनी घाबरून पक मैदानभर लांब फेकून दिला, की शिट्टी वाजते. त्याला आयसिंग म्हणतात. मग पक पुन्हा त्यांच्याच गोलसमोर येतो आणि नियमाने त्यांना दमलेली माणसं बदलता येत नाहीत. आपला माणूस बाकावर परत येतो आणि पहिली फळी, ताजी, त्या दमलेल्यांसमोर उतरते. गोल होतो. फलकावर नाव पहिल्या फळीचं.

हे समजायला मला वेळ लागला, आणि समजल्यावर मी खेळ वेगळ्या नजरेने पाहू लागलो. रात्रभरात आपला माणूस अशा दहा-बारा पाळ्या खेळेल, एकूण आठ-नऊ मिनिटं. त्याचं करिअर या मिनिटांत त्याच्यावर किती भरवसा टाकता येतो, यावर चालतं.

दुसऱ्या डावात त्याच्या संघातल्या एकाला शिक्षा होते आणि दोन मिनिटं पाचांविरुद्ध चार खेळायचे असतात. इथे याला हमखास बोलावतात. समोरून ताशी दीडशे किलोमीटरने फटका येतो आणि हा त्याच्या वाटेत गुडघ्यावर बसतो. पक नडगीवरच्या संरक्षकाच्या कडेला लागतो. तो लंगडत उठतो, पक बाहेर ढकलतो, बाकाकडे जातो. बाकावरचे सगळे आपापल्या स्टिका कठड्यावर आपटतात. विद्यार्थ्याचा तिथून मेसेज येतो: "सर, गोल झाल्यावर नाही, पण आता हे बाकावरचे लोक पाहा कसे ठोकून राहिले!"

जोखीम खरी आहे आणि ती झाकून हा दिनक्रम लिहिता येणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये शेफील्डला ॲडम जॉन्सन या फॉरवर्डचा मानेला स्केटचं पातं लागून मृत्यू झाला. त्यानंतर मान झाकणारी पट्टी अनेक लीगनी सक्तीची केली. ती आधीच व्हायला हवी होती.

साडेदहाच्या सुमारास, स्वतःच्या गोलसमोर फेसऑफ.

बाकामागे सूट घालून उभे आहेत ते त्या हंगामातले प्रशिक्षक मॅनी मल्होत्रा. वडील पंजाबी, आई फ्रेंच-कॅनेडियन, जन्म १९८० चा, मिसिसागाचा. १९९८ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्यांना सातव्या क्रमांकावर निवडलं, तेव्हा त्यांच्याकडून गोलांची अपेक्षा होती. सात संघांकडून ते ९९१ सामने खेळले आणि गोल झाले ११६. आकडे मामुली वाटतील. पण हजारेक सामने कुणी फुकट खेळवत नाही. त्यांची खासियत फेसऑफ. पंच दोघांच्या मध्ये पक टाकतो, आणि तो कुणाकडे जाईल ते अर्ध्या सेकंदात ठरतं. २०१०-११ मध्ये व्हँकुव्हरकडून त्यांनी सुमारे ६२ टक्के फेसऑफ जिंकले. पन्नासच्या वर असणारा माणूस चांगला धरतात.

त्याच हंगामात, १६ मार्च २०११ ला, उडालेला पक त्यांच्या डाव्या डोळ्यावर आदळला. चेहऱ्यावर काच नव्हती. एनएचएलमध्ये नव्या खेळाडूंना ती सक्तीची झाली २०१३ मध्ये. शस्त्रक्रिया झाल्या, त्या डोळ्याची बरीचशी दृष्टी गेली. जूनमध्ये एनएचएलच्या स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेरीत दुसऱ्या सामन्याला ते पूर्ण चेहरा झाकून उतरले आणि त्यांच्या पहिल्या फेसऑफला सगळं स्टेडियम उभं राहिलं. २०१३ मध्ये त्यांच्या सुरक्षेचं कारण देऊन क्लबने त्यांना खेळवणं थांबवलं. ते एएचएलमध्ये शार्लट चेकर्सकडे गेले, तिथून कॅरोलायनाकडून पुन्हा वर पोचले.

अशा माणसाने आपल्या खेळाडूला हाक मारली आहे, शेवटच्या डावात, एका गोलची आघाडी असताना. बचाव करणाऱ्याने स्टिक आधी टेकवायची असा नियम. समोरचा नंतर टेकवतो आणि त्याला तेवढा फायदा मिळतो. आपल्या माणसाने खालचा हात पात्याच्या जवळ सरकवलाय, अंगठा उलटा. पाय रुंद. नजर प्रतिस्पर्ध्यावर नाही, पंचाच्या हातावर. मूठ सैल होताना दिसली की पक पडण्याआधीच स्टिक हलायला लागते. तो पक मागे, आपल्या बचावपटूकडे ओढतो. तिथून फळ्यांवरून बाहेर. चार सेकंदांचं काम. मी पोह्यांची प्लेट खाली ठेवून टाळी वाजवली.

सकाळी ११. तिकडे रात्रीचे साडेनऊ.

सामना संपला, पण त्याला अजून दीड तास आहे. दहा मिनिटं सायकल, म्हणजे पायातला ताण उतरतो. नडगीवर बर्फाची पिशवी, डॉक्टरांची नजर. जेवण लगेच, ट्रेमध्ये. मग टॅब्लेटवर त्याच्या स्वतःच्या पाळ्यांची चित्रफीत: दहा-बारा तुकडे, कुठे वळण उशिरा घेतलं, कुठे बाकाकडे यायला पाच सेकंद जास्त लागले. एएचएलच्या हंगामात ७२ सामने असतात आणि बरेचसे आठवड्याच्या शेवटी लागून येतात. उद्या दुपारी पुन्हा खेळायचंय. त्यापुढच्या आठवड्यात कॅलिफोर्नियाचा दौरा. त्या हंगामाच्या अखेरीस, जून २०२५ मध्ये, मल्होत्रांच्या याच संघाने एएचएलचा काल्डर चषक जिंकला, तोही शार्लट चेकर्सला सहा सामन्यांत हरवून. बैन्स त्या संघात होता.

संध्याकाळी ५, नागपूर.

तिकडे पहाटेचे साडेतीन, तो झोपेत. आमचा दुसरा सराव. मी दोन्ही गोलपोस्ट ओढून भिंतीला लावून टाकले.

"सर, मग गोल कुठं मारायचा?" सगळ्यात चपळ पोरगा विचारतो.

"आज गोल नाही. जोड्या करा. मी पक टाकतो, दोघांनी ओढायचा. डोळे माझ्या हातावर ठेवा बे, एकमेकांच्या तोंडाकडं काय पाहून राहिले?"

पहिली वीस मिनिटं कुरकुर. मग दोघं भावंडं अंगठा उलटा धरून पाहू लागली. धाकटीचा हात पात्याच्या फार जवळ जात होता, तिला इंचभर वर घ्यायला लावलं. त्यानंतर तिने मोठ्याला सलग हरवलं आणि रांगेतल्या सगळ्यांना तिच्यासमोर उभं राहायचं होतं.